सगळ्यांचं सारखं दिसलं पाहिजे: टेक्ससमधल्या एका चीअर टीमचं प्रकरण

हे प्रकरण डलासच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातलं, 2023-24 च्या सीझनमधलं, स्पर्धेच्या दिवशी केस कसे बांधायचे यावरून सुरू झालेलं. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्या टीमची 'टीम मॉम' होते. कोचचे निरोप पालकांपर्यंत पोचवणं, स्पर्धेच्या दिवशी मुलींची हजेरी घेणं, पिना-हेअरस्प्रेची पेटी सांभाळणं ही माझी कामं. माझी मुलगीही त्याच टीममध्ये होती, त्यामुळे मी तटस्थ नव्हते. ते पुढे येईलच.

मीरा आणि जॉय या त्याच टीममधल्या मुली. मीराच्या आईवडिलांनी हा मजकूर वाचून होकार दिला आहे. जॉयच्या आईने एका अटीवर होकार दिला: तिचं एक वाक्य जसंच्या तसं यावं. मीरासारखीच दुसरी एक फ्लायर, म्हणजे मनोऱ्यात वर चढणारी मुलगी, होती; तिच्या आईला वाचायचं नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल चारचौघांत घडलं तेवढंच लिहिते.

पार्श्वभूमी

चीअरलीडिंग म्हटलं की आपल्याकडे 2008 नंतरची आयपीएल आठवते, चौकार गेला की सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुली. मीराच्या आजी नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या तेव्हा त्यांचीही तीच समजूत होती आणि त्या दोन दिवस लेकाशी नीट बोलल्या नाहीत. मग जिममध्ये येऊन त्यांनी एक सराव पाहिला.

ऑल-स्टार चीअर हा वेगळाच खेळ आहे. इथे कुठल्या संघासाठी घोषणा द्यायच्या नसतात. खाजगी जिमच्या टीम एकमेकींविरुद्ध उतरतात. 54 बाय 42 फुटांची स्प्रिंगवाली मॅट आणि अडीच मिनिटांचं रूटीन. त्यात कोलांट्या, उड्या, मनोरे आणि नाच, सगळं बसवायचं. दहीहंडीचे थर पाहिलेल्या माणसाला स्टंट लगेच कळतो: खाली दोन बेस, मागे बॅकस्पॉट, वर फ्लायर. आजींनाही तसाच कळला. वरच्या पोरीला खालच्यांवर किती भरवसा ठेवावा लागतो, हे त्या घरी जाऊन लेकाला समजावून सांगत होत्या.

चीअरची सुरुवात 1898 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात झाली. जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने मैदानासमोर उभं राहून प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या. तेव्हा हे काम पुरुषांचंच होतं. टेक्सससाठी मात्र महत्त्वाचं साल 1948. डलासच्या लॉरेन्स हर्किमरने त्या वर्षी नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशन काढली. तिची ऑल-स्टार राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं डलासच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हिवाळा संपता संपता होत आली आहे आणि जिंकणाऱ्यांना जॅकेट मिळतं. इथल्या दहा वर्षांच्या मुलींना ते जॅकेट स्वप्नात दिसतं, हे मी घरी पाहिलं आहे. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. 'हा खेळ आहे का' असं कुणी विचारलं की मीराचे बाबा हेच उत्तर देत.

टीममध्ये वीस मुली होत्या, वय नऊ ते अकरा, लेव्हल 2. या लेव्हलला फ्लायर एका पायावर उभी राहू शकते, पण बेसच्या खांद्याच्या उंचीपर्यंतच; त्याहून वर जायचं तर दोन्ही पाय हातांवर हवेत. मीरा फ्लायर होती, अंगाने बारीक आणि तोल पक्का. माझी मुलगी तिची बॅकस्पॉट. जॉय तिच्या दोन बेसपैकी एक, टीममधली सगळ्यात भक्कम बेस. एका सीझनचा खर्च फी, युनिफॉर्म, कोरिओग्राफी, संगीत, स्पर्धांची नोंदणी आणि हॉटेल धरून साडेपाच हजार डॉलरच्या आसपास. करार मे महिन्यात होतो आणि मधेच सोडलं तर पैसे परत मिळत नाहीत.

आता केसांबद्दल, कारण प्रकरण तिथूनच सुरू झालं. चीअरमध्ये केसांच्या तऱ्हा दर काही वर्षांनी बदलतात. 2010 च्या आसपास डोक्यावर तळहाताहून मोठा चमचमता बो, म्हणजे रिबिनीचं फूल, आणि रोलर लावून केलेल्या घट्ट कुरळ्या बटा होत्या. पुढे काही टीम साध्या पोनीवर आणि छोट्या बोवर आल्या, काहींनी बो सोडूनच दिला. मग उंच पोनी परत आली. पुढचे केस उलटा कंगवा फिरवून फुगवायचे, त्याला सगळे 'बंप' म्हणतात, आणि पोनीला कुरळ्या केसांचा तयार झुपका लावायचा. आजींनी तो झुपका हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर गंगावन!" त्यानंतर आमच्या घरात त्याला तोच शब्द राहिला.

अडचण

सप्टेंबरमध्ये 'लुक' ठरला. उंच पोनी, बंप, गंगावन, पुढे झुकलेला मोठा बो, सोनेरी चमकी, काळी आयलायनर, खोट्या पापण्या, लाल लिपस्टिक. कोचने मला व्हिडिओ पाठवला, मी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: सगळ्यांचं अगदी सारखं दिसलं पाहिजे, अपवाद नाही.

त्याच रात्री जॉयच्या आईने मला वेगळा मेसेज केला. जॉयच्या केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या होत्या. कृष्णवर्णीय मुलींमध्ये अशा वेण्या महिना-दीड महिना टिकवतात. घालायला सहा-सात तास लागतात आणि पैसेही बरेच जातात. बंप करायचा तर प्रत्येक स्पर्धेआधी वेण्या सोडायच्या, केस इस्त्रीने सरळ करायचे आणि स्पर्धा झाली की पुन्हा घालायच्या. तिने विचारलं, वेण्यांचीच उंच पोनी बांधली तर चालेल का? तिने हेही लिहिलं की 1 सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये क्राउन ॲक्ट लागू झाला आहे. त्या कायद्याने शाळा, नोकरी आणि घर या बाबतींत केसांच्या वांशिक ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी आहे. मी जिमच्या ऑफिसात विचारलं. उत्तर आलं, हा कायदा शाळांचा, खाजगी जिमचा त्यात उल्लेख नाही. मी तिला कळवलं: सॉरी, नियम सगळ्यांना सारखा आहे.

पहिली स्पर्धा नोव्हेंबरच्या मध्यावर फोर्ट वर्थला होती. पहाटे पाच वाजता मी मीराच्या घरी पोचले, कारण तिच्या आईला बंप जमत नव्हता. मीराचे केस कंबरेपर्यंत, दाट आणि गुळगुळीत. लहानपणापासून तेल लावलेले. त्यावर गंगावन टिकेना. आम्ही दोघींनी मिळून चाळीसच्या वर पिना खोचल्या. मीरा बाथरूममध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून होती. हाताच्या मुठी मांडीवर, डोळे मिटलेले. दर पिनेला तिचा खांदा जरासा वर जायचा. एकदाच म्हणाली, "आई, दुखतंय." आई म्हणाली, "झालंच, बाळा." मग कानातलं काढलं. बाराव्या दिवशी टोचलेले कान, तेव्हापासून कधी रिकामे नव्हते. पण दागिन्यांच्या बाबतीत यूएसएएसएफचा, म्हणजे 2003 मध्ये स्थापन झालेल्या ऑल-स्टारच्या नियामक संस्थेचा, नियम कडक आहे: अंगावर काहीही नको, वरून पट्टी चिकटवलेलंही चालत नाही. खडे युनिफॉर्मवर चालतात, कातडीवर नाही. हे नियम सुरक्षेचे आहेत आणि मला पटतात. बो डोळ्यांवर येता कामा नये, हेही त्याच संस्थेच्या सूचनांमध्ये आहे. ते मी तेव्हा वाचलेलं नव्हतं.

रूटीनच्या दुसऱ्या स्टंटमध्ये मीरा पडली. एका पायावर उभी होती, उजवा हात वर गेला, शरीर वळलं आणि ती जॉयच्या अंगावर आली. इजा कुणालाच झाली नाही. गुण गेले, टीम पाचापैकी चौथी आली.

त्या संध्याकाळी पालकांचा एक वेगळा ग्रुप तयार झाला. त्यात अकरा आया होत्या, मीराची आई नव्हती. मी होते. दुसऱ्या फ्लायरच्या आईने स्टंटचा व्हिडिओ संथ करून तिथे टाकला. खाली एकामागून एक प्रतिक्रिया आल्या: एकाग्रता नाही, हात हलतोय, दर वेळी असंच होणार, वीस मुलींचं वर्ष एका मुलीपायी जाणार. तो व्हिडिओ कोचला पाठवून फ्लायर बदलायची मागणी झाली. मी काही लिहिलं नाही. मात्र ग्रुपमधून बाहेरही पडले नाही.

आठवड्याभरात त्याचा स्क्रीनशॉट मीराच्या आईपर्यंत गेला. तिने मोठ्या ग्रुपवर, जिथे मुलींचे वडील होते आणि काही घरांत मुलीही वाचत होत्या, दुसऱ्या फ्लायरच्या चुकांची तारीखवार यादी टाकली. तीही मुलगी दहा वर्षांचीच. मीराची आई मला सांगते की ते लिहिताना तिचा हात थरथरत होता आणि तरी थांबावंसं वाटलं नाही.

असं काही झालं की टेक्ससमध्ये लोक 1991 चं उदाहरण काढतात. ह्यूस्टनजवळ चॅनलव्ह्यू इथे एका आईने मुलीच्या चीअरमधल्या स्पर्धक मुलीच्या आईला मारण्याची सुपारी देण्याचा प्रयत्न केला, ते प्रकरण. नाहीतर 2021 चं पेनसिल्व्हेनियातलं. तिथे एका आईने मुलीच्या टीममधल्या मुलींचे बनावट व्हिडिओ केल्याचा गाजावाजा झाला. बनावटपणा सरकारी पक्षाला सिद्ध करता आला नाही, पण छळाबद्दल ती 2022 मध्ये दोषी ठरली. मला वाटतं, या दोन गोष्टींनी आमचं नुकसानच केलं. त्यांच्या शेजारी ठेवलं की आमचं वागणं साधं वाटायचं. 'आपण काही तसे नाही' हे वाक्य त्या अकरा जणींच्या ग्रुपमध्ये मी दोनदा वाचलं.

डिसेंबरच्या स्पर्धेत मीराच्या आईने पिना दुप्पट केल्या आणि गंगावन रबराने घट्ट आवळलं. आठवड्याला तीन खाजगी शिकवण्या लावल्या. मीरा पडली नाही. रात्री घरी आल्यावर आजी तिचे केस सोडवायला बसल्या. हेअरस्प्रेने केसांच्या काड्या झाल्या होत्या, कंगवा जाईना. आजींनी खोबरेल तेल कोमट केलं आणि बटेबटेला बोटांनी चोळत गुंता उकलत गेल्या. तासभर गेला. टाळूच्या थोडं मागे त्यांची बोटं थांबली. तिथे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी केस विरळ झाले होते, मुळाशी लाल फोड आणि दोन ठिकाणी खपल्या. पापण्यांच्या कडाही सुजल्या होत्या. आजींनी सुनेला हाक मारली नाही. त्यांनी मुलाला बोलावलं आणि त्याचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की केस सतत ओढले गेल्याने मुळांना सूज आली आहे, असंच चालू राहिलं तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. पापण्यांवरची सूज खोट्या पापण्या चिकटवायच्या डिंकाची.

विचारात घेतलेले पर्याय

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. मीराचे आईबाबा, आजी आणि मी.

बाबांचं म्हणणं स्पष्ट होतं, टीम सोडायची. पैसे गेले तर गेले. ते चूक नव्हतेच. पण लेव्हल 2 ची फ्लायर जानेवारीत गेली की तिच्या खालच्या तीन मुलींचा स्टंट मोडतो आणि मनोरा पुन्हा बसवावा लागतो. त्या तिघींत माझी मुलगी होती. मी सोडू नका म्हणाले. ते मीराच्या भल्यासाठी किती आणि माझ्या मुलीच्या जॅकेटसाठी किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. असा सल्ला देणाऱ्याने आधी आपलं हितसंबंध बोलून दाखवावं. मी दाखवलं नाही.

दुसरा पर्याय म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी देऊन फक्त मीरासाठी सूट घ्यायची. सगळ्यात सोपा आणि लगेच मिळणारा. मीराच्या आईला हाच हवा होता. अडचण अशी की अकरा जणींच्या ग्रुपला आणखी एक विषय मिळाला असता, आणि वीस उंच पोनींमध्ये एकच वेगळी मुलगी, तीही जी पडली होती ती.

तिसरा पर्याय मीराने फ्लायरची जागा स्वतःहून सोडायची. हा मीच सुचवला आणि लगेच मागे घेतला, कारण आजी पहिल्यांदाच बोलल्या: "पोरीला विचारलंत का कुणी?"

कुणी विचारलं नव्हतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून सात आठवडे. मीरा वर खोलीत होती. तिला खाली बोलावून चार मोठ्या माणसांसमोर उभं करायला आजींनी मनाई केली. त्या स्वतः वर गेल्या.

खाली आल्यावर म्हणाल्या, तिला टीम सोडायची नाही. आणि त्या दिवशी बो डोळ्यांवर आला होता, म्हणून तिने हात वर नेला.

मी घरी जाऊन माझ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. पडायच्या आधी ती म्हणाली होती, मला दिसत नाहीये. मी मागून तिचे घोटे धरले होते ना." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? "तू विचारलंच नाहीस."

तो संथ केलेला व्हिडिओ मी पुन्हा लावला. गंगावनाच्या वजनाने पोनी पुढे कलंडते, बो कपाळावर घसरतो, उजवा हात त्याच्याकडे जातो. अकरा बायकांनी तो हात पाहिला होता, मी सुद्धा. प्रत्येकीला त्यात मुलीचा दोष दिसला.

त्याच रात्री मी कोचचा सप्टेंबरचा मूळ मेसेज शोधला. नियम बदलायची मागणी करायची तर त्याचे नेमके शब्द हवेत म्हणून. कोचने लिहिलं होतं: हा नमुना, प्रत्येकीला जमेल तितकं जवळ जाऊ द्या, काही अडलं तर मला सांगा. 'अगदी सारखं' आणि 'अपवाद नाही' हे शब्द त्यात नव्हते. ते माझे होते. घाईत, सोय म्हणून, उगाच प्रश्न येऊ नयेत म्हणून मी जोडलेले. चार महिने सगळे जो नियम पाळत होते तो कोचचा नव्हता. यूएसएएसएफचाही नव्हता. गुणपत्रिकेत तर केसांसाठी किंवा मेकअपसाठी वेगळा रकानाच नसतो. परीक्षक स्टंट, मनोरे, कोलांट्या, उड्या, नाच आणि सादरीकरण बघतात. मेकअप येतो तो दिव्यांच्या झोतात आणि लांबून चेहरे फिके पडतात म्हणून. त्यासाठी डोळ्यांची रेघ आणि थोडा रंग पुरतो.

यातून चौथा पर्याय पुढे आला, पूर्ण टीमचा लुक बदलायचा.

काय केलं

आधी मी मोठ्या ग्रुपवर कोचचा मूळ मेसेज टाकला आणि त्याखाली लिहिलं की पुढचे शब्द माझे होते, कोचचे नाहीत. आणखी लिहिलं की मी त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये होते आणि गप्प राहिले. पाठवायला मला दोन दिवस लागले. उत्तरं फार आली नाहीत. तिघींनी तो ग्रुप सोडला, नंतर तो आपोआप शांत झाला.

मग मीराचे बाबा आणि मी कोचला भेटलो. कोच पंचविशीतली मुलगी, स्वतः कॉलेजात चीअर केलेली. तिने व्हिडिओ एकदा पाहिला आणि म्हणाली की हात त्या बोच्या दिशेने गेलाय हे तिला त्याच दिवशी दिसलं होतं. म्हणूनच तिने फ्लायर बदलली नाही. पालकांना का नाही सांगितलं? तिला वाटलं, बोलली तर भांडण वाढेल. तिच्या जागी मी असते तर कदाचित हेच केलं असतं, पण त्या गप्प राहण्याची किंमत मीराने मोजली.

तिने चार गोष्टी ठरवल्या. केसांसाठी तीन पर्याय: उंच साधी पोनी, दोन घट्ट वेण्या, किंवा मुलीच्या नेहमीच्या वेण्यांची पोनी. गंगावन बंद, बो छोटा आणि पोनीच्या मागे. बारा वर्षांखालच्या मुलींना खोट्या पापण्या नाहीत. सरावाचं चित्रीकरण फक्त कोच करेल, आणि पालक जिथून सराव बघतात त्या खिडकीचा पडदा शेवटची पंधरा मिनिटंच वर राहील. शेवटचा मुद्दा मला पटला नाही. या खेळात मुलांवर झालेल्या अत्याचारांचे खटले 2022 पासून उघड झाले आहेत, आणि मोठ्यांची नजर मुलांवर असायलाच हवी. आम्ही त्यावर अर्धा तास वाद घातला. शेवटी पडदा पूर्ण वर ठेवायचा आणि फोन टोपलीत, असं ठरलं. सगळ्यांत चांगला निर्णय मला तोच वाटतो.

लुक ठरवताना कोचने मुलींना चिठ्ठ्या दिल्या: स्पर्धेच्या दिवशी काय आवडतं, काय नको. नाव लिहायचं नाही. वीसपैकी चौदा चिठ्ठ्यांत केस दुखतात असं होतं. पाच जणींनी चमकी ठेवा असं लिहिलं होतं, म्हणून चमकी ठेवली. मुलींना नटायला आवडतं, आणि त्यात वाईट काही नाही. एका चिठ्ठीत फक्त एवढंच होतं, आयांनी गाडीत स्पर्धेबद्दल बोलू नये.

फ्लायरचा निर्णय कोचने एकटीने घेतला. मीरा आपल्या स्टंटमध्ये राहिली. मनोऱ्याच्या मधोमध मात्र दुसरी फ्लायर आली, कारण तिची लवचीकता जास्त होती. मीराच्या आईला ते लागलं, पण तिने काही लिहिलं नाही.

परिणाम

हिवाळ्याअखेरच्या डलासच्या स्पर्धेत टीम पहिल्या दिवशी 'हिट झिरो' गेली, म्हणजे चुकीचा एकही गुण कापला गेला नाही. दुसऱ्या दिवशी मनोऱ्यात एक पाय डळमळला. सहावा क्रमांक. जॅकेट मिळालं नाही आणि गाडीत माझी मुलगी रडली. मी गप्प बसले, तिची चिठ्ठी कोणती ते मला माहीत नव्हतं तरी.

मीरा दोन वेण्यांनी उतरली, वेण्या आजींनी घातल्या. विरळ झालेल्या जागी उन्हाळ्यापर्यंत केस आले. पुढच्या मे महिन्यात तिने टीम घेतली, पण बेस म्हणून. ती तीन इंच वाढली होती. तिची आई आणि दुसऱ्या फ्लायरची आई अजून बोलत नाहीत. मुली बोलतात.

जिमने तीन पर्यायांचा लुक पुढच्या वर्षीही ठेवला, पण फक्त लहान मुलींच्या टीमसाठी. मोठ्या टीमना बंप आणि गंगावन परत आलं.

काय वेगळं करता आलं असतं

निर्णयाच्या जागा माझ्या मते तीन होत्या. डिसेंबरात आजींचं बोट जिथे थांबलं ती तिसरी. तोवर उशीर झाला होता.

दुसरी नोव्हेंबरच्या संध्याकाळची. व्हिडिओ ग्रुपवर आला तेव्हा मी एवढं लिहू शकत होते की मुलीला आणि तिच्या खालच्या तिघींना विचारल्याशिवाय यावर बोलू नये. माझी बॅकस्पॉट तेव्हा शेजारच्या खोलीत जागीच होती. फोर्ट वर्थहून परत येतानाही मागच्या सीटवर तीच बसली होती. आता आमच्या घरात स्पर्धेनंतर पहिला प्रश्न 'कितवे आलात' नसतो. 'वरून काय दिसलं, खालून काय दिसलं' हा असतो. ती सांगते, कधी नुसतं 'काही नाही' म्हणते.

पहिली जागा सप्टेंबरची, आणि तिथे मीरा नव्हती, जॉय होती. जॉयच्या आईचा मेसेज मी त्या रात्री जसाच्या तसा कोचला पुढे पाठवला असता, तर 'काही अडलं तर मला सांगा' हे शब्द तिथेच कामी आले असते. केसांचा पर्याय सप्टेंबरातच मिळाला असता, नोव्हेंबरात बो डोळ्यांवर आला नसता. मी मेसेज ऑफिसात नेला, कायद्याचा प्रश्न करून टाकला आणि नकार आणून दिला. नोव्हेंबर ते जानेवारी जॉयच्या वेण्या तीनदा सोडल्या आणि तीनदा घातल्या गेल्या. ती स्टंटखाली एकदाही हलली नाही. मीरा पडली ती तिच्याच अंगावर, आणि तिनेच तिला झेललं.

जॉयच्या घरच्यांनी मे महिन्यात जिम सोडली. जाताना तिची आई पार्किंगमध्ये माझ्याशी बोलली. आवाज चढवला नाही. ते वाक्य हे: "तुझ्या मैत्रिणीच्या मुलीच्या डोक्याला जखम झाली तेव्हा नियम बदलला; माझ्या मुलीचे तास मी तुला सप्टेंबरमध्येच मोजून दिले होते."